उत्तरायणाच्या संध्याकाळी घाबरलेलं मांजर घरच्यांवरच धावून आलं, आता काय करायचं?

बडोद्याला रावपुऱ्यात राहणाऱ्या एका घरचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मनी ही 4 वर्षांची मांजरी, नसबंदी झालेली, एरवी लाडात येणारी. 14 जानेवारीच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या, संध्याकाळी शेजारच्या गच्चीवर फटाक्यांची माळ लागली आणि मनी पळत वॉशिंग मशीनमागे शिरली. 14 वर्षांच्या मुलीने तिला चुचकारून बाहेर काढायला हात आत घातला. मनीने मनगटाला कडकडून चावा घेतला, हात बोचकारला. थोड्या वेळाने घरातल्या गुंड्या बोक्यावरही ती तुटून पडली. आज चौथा दिवस आहे. मुलगी दिसली की मनी फिसकारते, गुंड्याला त्या खोलीत पाऊल टाकू देत नाही, दिवसभर दिवाणाखाली बसून असते. आजी म्हणतात, हिला वेड लागलंय, लांब नेऊन सोडा. आईला रेबीजची धास्ती आहे.

मनीचं नंतर बघू, आधी मुलीचा हात. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असतात. वरून ठिपक्याएवढी जखम दिसते, पण जंतू खोलवर, कधी सांध्यापर्यंत किंवा स्नायूबंधापर्यंत पोचलेले असतात. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू सर्रास असतो, आणि तो 12 ते 24 तासांत सूज, लाली, ठणका आणतो. म्हणून बोटं, तळहात आणि मनगट इथला चावा कधीच अंगावर काढू नये. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ लावून 15 मिनिटं धुवायचं, मग पोव्हिडोन आयोडीन लावायचं. हळद, चुना, तिखट, तेल यातलं काहीही नको. जखम घट्ट बांधायची नाही. त्या दिवशी हे नीट झालं नसेल तर आजही धुवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. मनगट वळवताना दुखत असेल, लाल रेघ वर सरकत असेल किंवा ताप असेल तर उद्यावर ढकलू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा.

आता रेबीज. मनी घराबाहेर जात नसेल, तिचं लसीचं कार्ड पूर्ण असेल, तर शक्यता फारच कमी. तरीही आपल्या देशात मांजराचा रक्त काढणारा चावा ही डॉक्टरांनी निर्णय घ्यायची गोष्ट आहे, घरात बसून ठरवायची नाही. बडोद्याच्या एसएसजीसारख्या (सर सयाजीराव जनरल) सरकारी रुग्णालयात लस मिळते. कातडीत द्यायच्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 या दिवशी असतात, आणि 0 म्हणजे पहिल्या डोसचा दिवस, चाव्याचा नव्हे. त्यामुळे चार दिवस गेले म्हणून उशीर झाला असं समजून थांबू नका. रक्त आलेल्या चाव्यात जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागेल का, हेही डॉक्टर सांगतील. दुसऱ्या बाजूने मनीवर चाव्यापासून 10 दिवस, म्हणजे 24 जानेवारीपर्यंत लक्ष ठेवा. ती त्या दिवशी धडधाकट असेल तर चावताना तिच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता हे नक्की होतं. रेबीज झालेलं मांजर दिवसागणिक बिघडत जातं: आवाज बदलतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, गिळता येत नाही. दिवाणाखाली बसलेली, खाणारी, लिटर ट्रे वापरणारी आणि फक्त ठरावीक माणसाला फिसकारणारी मांजरी या चित्रात बसत नाही. आणि याच कारणासाठी तिला या 10 दिवसांत कुठे सोडून देणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. मांजर नजरेआड गेलं की मुलीच्या बाबतीत खात्री करायचा रस्ताच बंद होतो.

आणखी एक शंका आधी फेडून घ्यायला हवी, आणि बडोद्यात जानेवारीत ती पहिली यायला हवी: मांजा. उत्तरायणानंतर बाल्कनीत, ग्रिलवर, जिन्यात दोऱ्याचे तुकडे पडलेले असतात आणि मांजरं ते चघळतात. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, उरलेला आतड्यात उतरतो आणि आतडं चुणीसारखं गोळा होऊन कापलं जातं. पोटात असं चाललेलं मांजर हात लावू देत नाही, लपून बसतं, चिडतं. बाहेरून ते घाबरलेल्या मांजरासारखंच दिसतं. फरक उलट्यांमध्ये आहे. मनीला उलट्या होत असतील, खाणं पूर्ण बंद असेल, किंवा तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तासाभरात दवाखाना गाठा. दोरा ओढू नका, एक इंचसुद्धा नाही; ओढलेल्या दोऱ्याने आतडं चिरतं. फार लोंबत असेल तर थोडा सोडून कात्रीने कापा, आणि कापल्याचं डॉक्टरांना सांगा. पंजाच्या गादीवर मांज्याची चीर आहे का, तेही लांबूनच, ती चालत असताना बघा.

दुखण्यामुळे चिडणारी मांजरं एकूणातही बरीच असतात. किडलेला दात, कान, सांधे, म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड. बोका असेल आणि ट्रेमध्ये बसून जोर करतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर ती तातडीची वेळ. मनीच्या बाबतीत फटाके आणि हल्ला यांचा संबंध इतका स्पष्ट आहे की भीती हेच पहिलं कारण मानायला हरकत नाही. पण तपासणी होईपर्यंत ते एकमेव कारण मानू नका.

आता त्या संध्याकाळी नेमकं काय झालं ते. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला 64,000 पर्यंत आणि त्याच्याही वरचे. सकाळपासून गच्चीगच्चीवर स्पीकर, पिपाण्या, पतंग कापल्यावरचे «काय पो छे»चे ओरडे, दारातून सारखी ये-जा. मनी माळ लागायच्या आधीच दिवसभर ताणात होती. माळ लागली तेव्हा तिच्यापुढे एकच मार्ग होता, पळून अरुंद जागेत शिरायचं, आणि तो तिने घेतला. तिथून पुढे पळायला जागा नव्हती. तेवढ्यात समोरून हात आला. त्या क्षणी तो हात कोणाचा हे मांजराला कळत नाही. पळता येत नाही म्हणून शेवटचा उपाय म्हणून ते चावतं. हा सूड नाही, उद्दामपणाही नाही.

गुंड्यावरचा हल्ला मात्र वेगळ्या जातीचा आहे. आवाज हाती लागत नाही, फटाके उडवणाऱ्यापर्यंत पोचता येत नाही, मग भडकलेलं अंग जवळच्या हलणाऱ्या जिवावर उतरतं. खिडकीबाहेर परका बोका दिसल्यावर घरातली मांजरं एकमेकांवर किंवा मालकिणीच्या पायावर तुटून पडतात ते याच प्रकारे. म्हणून एक चौकशी जरूर करा: त्या संध्याकाळी बाल्कनीच्या कठड्यावर एखादा भटका बोका आला होता का? फटाक्यांनी रस्त्यावरची मांजरंही वर चढतात. तो बोका रोज येत असेल तर मनी चार दिवसांनीही शांत का होत नाही याचं उत्तर तिथेच सापडेल. कठड्याला, दाराच्या चौकटीला लघवीचा उग्र वास येतोय का बघा.

लोकांचा अंदाज चुकतो तो वेळेच्या बाबतीत. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच असतो, तसं भडकलेल्या मांजराचं शरीर आवाज थांबल्यावरही तापलेलं राहतं. काही मांजरं तासा-दोन तासांत निवतात, काहींना दिवस-दोन दिवस लागतात. त्या काळात पुन्हा कोणी दिवाणाखाली डोकावलं, झाडूने बाहेर काढलं, उचलून कुरवाळलं की पहिली भीती ओसरायच्या आत दुसरी बसते. चौथ्या दिवसापर्यंत लांबलेलं प्रकरण बहुतेक वेळा असंच लांबलेलं असतं, आणि लांबवणारी माणसं प्रेमापोटीच ते करत असतात. मनीला या घडीला समजूत काढणारं माणूस नको, अंतर आणि वेळ हवा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आजपासून घड्याळ पुन्हा शून्यावर आणा. मनीला एक खोली पूर्ण द्या, शक्यतो रस्त्याच्या उलट बाजूची. ती आत्ता ज्या खोलीत आहे तीच दिली तर उत्तम, म्हणजे तिला हलवावं लागणार नाही. झोपायची सोय बाकीच्यांनी आठ-दहा दिवस दुसरीकडे करावी. पडदे ओढून अंधुक ठेवा. लिटर ट्रे एका कोपऱ्यात, पाणी आणि खाणं त्यापासून निदान 5-6 फूट लांब. ट्रेशेजारी ठेवलेलं अन्न मांजर टाळतं. पुठ्ठ्याचे दोन खोके आडवे ठेवा, तोंड भिंतीकडे तिरकं, आत तिने वापरलेली जुनी चादर. हा खोका चैन म्हणून ठेवायचा नाही. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या अभ्यासात आश्रयगृहात नव्याने आलेल्या मांजरांपैकी ज्यांना लपायला खोका मिळाला ती लवकर स्थिरावली. दिवाणाखाली राहणं आणि खोक्यात राहणं यातही फरक आहे: खोका तुम्ही हळूहळू पुढे सरकवू शकता, दिवाण नाही.

त्या खोलीत फिनेल वापरू नका, डेटॉलही नको. फिनॉलच्या जातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला पचत नाहीत, ती पंजे चाटते आणि ते पोटात जातं. शिवाय तिच्या स्वतःच्या वासाची खोलीच तिला ओळखीची वाटते, तो वास पुसून टाकला की आणखी बिथरते. फरशी साध्या पाण्याने पुसा. उदबत्ती, धूप, परफ्यूम तिथे नको.

पहिले 48 तास खोलीत एकाच माणसाने जायचं, दिवसातून तीन वेळा, 5 मिनिटांसाठी. जे माणूस त्या संध्याकाळी जवळ नव्हतं ते निवडा. खाणं ठेवायचं, ट्रे साफ करायचा, बाहेर. हाक नाही, वाकून बघणं नाही. अंगावर लांब पायजमा आणि पायात बूट असू द्या. दाराशी 2 फूट बाय 3 फुटांचा जाड पुठ्ठा टेकवून ठेवा. ती समोर आली, कान मागे पडलेले, बाहुल्या मोठ्या झालेल्या, शेपटी आपटतेय, पाठीची कातडी थरथरतेय, खालच्या पट्टीत गुरगुरतेय, तर पुठ्ठा तुमच्या आणि तिच्यामध्ये उभा धरा आणि पाठ न फिरवता बाजूबाजूने दाराकडे सरका. डोळ्याला डोळा लावू नका, ओरडू नका. पाठ दाखवून धावलात तर ती पायावर झडप घालते. पकडायची वेळच आली, तर उघड्या हाताने नव्हे, जाड गोधडी वरून टाकून, आणि तेही ती स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तरच.

पाण्याचा फवारा, चपला आपटणं, मानगूट धरून उचलणं, नाकावर टिचकी, हे सगळं वर्ज्य. याने हल्ला थांबला असं क्षणभर वाटतं. पण मांजर यातून शिकतं ते असं की आधी फिसकारून उपयोग होत नाही, आणि पुढच्या वेळी ते इशारा न देता चावतं. फिसकारणं ही चांगली गोष्ट आहे. ती अजून बोलून सांगतेय तोवर चावा टाळता येतो.

खाण्यावर कडक नजर हवी. घाबरलेलं मांजर 24 तास खात नाही इथवर काळजीचं कारण नसतं. 48 तास उलटले तर डॉक्टर, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते आजारी पडतं. रात्री घर झोपल्यावर ताटली रिकामी होत असेल तर ठीक. म्हणून ताटलीत मोजून ठेवा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन सहसा मांजराला मोहात पाडतं, पण त्यात कांदा-लसूण नको, दोन्ही मांजराला विषारी. उंधियूमध्ये हिरवा लसूण पडतो, तेव्हा संक्रांतीचं उरलंसुरलंही नाही. घरी मांसाहार होत नसेल तर वेट फूडचं पाऊच किंचित कोमट करून द्या. वास उठला की भूक जागते.

खोलीत शिरल्यावर मनी खोक्यातून बाहेर आलेली दिसू लागली, अंग चाटू लागली, कान पुढे आले, शेपटी सैल पडली, की मुलीची पाळी. दिवस मोजून हे ठरवू नका, मनीकडे बघून ठरवा.

मुलीच्या बाबतीत अडचण वासाची आहे. मनगटाला मलम आणि जंतुनाशकाचा वास आहे, त्या संध्याकाळी कपड्यांना फटाक्यांच्या दारूचा होता. मनीच्या डोक्यात मुलगी आणि धडाका यांची गाठ बसलीय. ती गाठ एकाच प्रसंगात बसते, सुटायला मात्र बऱ्याच शांत भेटी लागतात. मुलीने एक जुना, धुतलेला पण दिवसभर अंगावर घातलेला टी-शर्ट द्यावा. तो मनीच्या ताटलीपासून 4 फुटांवर ठेवा. ती त्याच्याजवळून बिनधास्त जाऊन खाऊ लागली की तो रोज अर्धा फूट जवळ आणा. ती त्यावर बसली तर अर्धं काम झालं.

मग मुलीने खोलीच्या दाराशी, मनीपासून 10 फुटांवर, जमिनीवर कडेने बसायचं. खांदा मनीकडे, तोंड दुसरीकडे. मोबाइल चालेल, आवाज बंद. हरभऱ्याएवढे चिकनचे 8-10 तुकडे एकेक करून मनीच्या दिशेने, पण तिच्यापासून थोडे अलीकडे घरंगळवायचे. 5 मिनिटांनी, मनी अजून खातेय तेवढ्यात, उठून जायचं. मनीला कंटाळा यायच्या किंवा ताण यायच्या आधी भेट संपली पाहिजे. मनीने तुकडे घ्यायचं सोडलं तर अंतर कमी पडतंय. दुसऱ्या दिवशी 2 फूट मागे बसा. नजर मिळालीच तर डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडायचे. हे ऐकायला भाबडं वाटतं, पण 2020 मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून दाखवलं आहे की अशी सावकाश पापणी लवणाऱ्या माणसाकडे मांजरं उलट पापणी लववतात आणि जवळही जास्त येतात.

हात पुढे करायची घाई मुलीला होईल, कारण मनी तिची लाडकी आहे आणि ती आपल्याला घाबरते याचं तिला वाईट वाटतंय. तिला स्पष्ट सांगा की यात तिचा दोष नव्हता, आणि आता न शिवणं हीच तिने मनीसाठी करायची गोष्ट आहे. मनी स्वतःहून येऊन मुलीच्या गुडघ्याला गाल घासेल तेव्हा दुखरा हात मागे ठेवून दुसऱ्या हाताचं एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरायचं. हुंगून तिने गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली 3 सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. तिने पुन्हा डोकं पुढे केलं तरच पुढे. पाठ, पोट, शेपटी महिनाभर विसरून जा. उचलणं त्याहूनही पुढे.

गुंड्याचं काम याहून चिवट आहे. आधी त्याचं अंग तपासा. मांजराने मांजराला घेतलेला चावा वरून लगेच मिटतो आणि दोन ते पाच दिवसांनी आत पू धरतो, म्हणजे नेमका आत्ता. गाल, मान, पुढचे पाय, शेपटीचं मूळ चाचपा. गरम, दुखरा फुगवटा किंवा चिकटलेले केस सापडले तर डॉक्टर.

दोघांना पूर्ण वेगळं करा, दृष्टीलाही पडू देऊ नका. ‘आपापसात मिटवतील’ ही समजूत चुकीची आहे. कुत्र्यांसारखी भांडणानंतर समेट करायची रीत मांजरांत जवळजवळ नाही. प्रत्येक नवी झटापट वैर पक्कं करते. दोघंही आपापल्या बाजूला निवांत खाऊ-झोपू लागेपर्यंत थांबा, कमीत कमी तीन-चार दिवस. मग रोज एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत. मऊ कापड गुंड्याच्या गालावर फिरवून मनीच्या ताटलीजवळ, आणि उलट. फिसकारणं बंद झालं की बंद दाराच्या दोन बाजूंना ताटल्या, दारापासून 5 फुटांवर, रोज अर्धा फूट जवळ. दाराला टेकून दोघं खाऊ लागले की दार दोन इंच उघडं, वर-खाली अडकवून, म्हणजे डोकं शिरणार नाही. जाळीचं दार असेल तर फारच छान. जुन्या बडोद्याच्या घरांत ते असतं. एकमेकांना बघत खायचं ते आधी 2-3 मिनिटं. दोघांपैकी एकाने खाणं थांबवून न हलता टक लावली की तीच धोक्याची वेळ. गुरगुरण्याची वाट बघू नका, पुठ्ठा मध्ये सरकवा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जा. एकत्र सोडणं सगळ्यात शेवटी, दोघं दमलेले आणि जेवलेले असताना, दोघांनाही निसटायला वेगळी वाट ठेवून. या सगळ्याला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. लिटर ट्रे दोन मांजरांना तीन, आणि तिन्ही एकाच न्हाणीघरात ओळीने ठेवलेल्या नकोत. तशा ठेवल्या तर मनी दारात बसून गुंड्याची वाट अडवते.

बाहेरचा बोका येत असल्याचं आढळलं तर खिडकीचा खालचा अर्धा भाग अर्धपारदर्शक फिल्मने किंवा तूर्तास वर्तमानपत्राने झाका, बाल्कनीत खाणं ठेवणं बंद करा, आणि कठडा एन्झाइमच्या क्लीनरने धुवा. साध्या साबणाने लघवीचा वास माणसापुरताच जातो.

औषधांबद्दल. माणसांची झोपेची गोळी, अ‍ॅलर्जीची गोळी, उरलेली पॅरासिटामॉल, काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याचं गोचिडांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध घरात असेल तर तेही मनीला लागू देऊ नका. त्याने अंग झटके देऊ लागतं आणि तो प्रकार लोकांना चिडण्यासारखा वाटतो. पशुवैद्यक अशा वेळी बहुधा गॅबापेंटिन सुचवतात. दवाखान्यात न्यायच्या आधी दोन-तीन तास दिलं तर प्रवास आणि तपासणी दोन्ही सुसह्य होतात. मात्रा वजनावरून आणि मूत्रपिंडाच्या तब्येतीवरून ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्या. एसेप्रोमाझिन हे जुनं गुंगीचं औषध फटाक्यांच्या भीतीसाठी कोणी सुचवलं तर पर्याय विचारा. त्याने अंग लुळं पडतं पण भीती तशीच राहते, फक्त ती दिसेनाशी होते. महिनाभर नीट पाळूनही मनी मुलीवर किंवा गुंड्यावर हल्ले करत राहिली तर फ्लुओक्सेटिनसारखं रोजचं औषध हा रास्त पर्याय आहे. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते आपल्या मनाने अचानक थांबवायचं नसतं. प्लगमध्ये लावायच्या फेरोमोन डिफ्यूझरने (मांजरांच्या ओळखीच्या गंधासारखं द्रव्य हवेत सोडणारं उपकरण) काही मांजरांना फरक पडतो, काहींना नाही. लावलाच तर मनीच्या खोलीत, पलंगाच्या किंवा पडद्याच्या मागे न लपवता लावा.

दवाखान्यात नेताना कॅरियर आदल्या दिवशीपासून खोलीतच उघडी ठेवा, आत तिची चादर आणि चिकनचे तुकडे. वरून उघडणारी कॅरियर असेल तर डॉक्टर तिला न ओढता तपासू शकतात. रिक्षात कॅरियरवर टॉवेल टाका आणि ती मांडीवर घट्ट धरा. लटकती कॅरियर हिंदकळते आणि मांजर पुन्हा पेटतं. गुंड्याला सोबत नेऊ नका. परत आल्यावर मनीला थेट तिच्या खोलीत सोडा, कारण दवाखान्याच्या वासामुळे गुंड्याला ती परकी वाटते आणि पुन्हा झोंबाझोंबी होते. रावपुऱ्याजवळच्या दवाखान्यात मांजरांची वर्तनतपासणी होत नसेल तर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय सुमारे 40 किलोमीटरवर आहे. 1962 हा क्रमांक गुजरातमध्ये बेवारस जखमी प्राण्यांच्या रुग्णवाहिकेचा आहे. उत्तरायणात तो पक्ष्यांसाठी मोकळा राहू द्यावा.

पुढच्या वेळेची तयारी त्याच्या तीन आठवडे आधी सुरू होते, आणि बडोद्यात पुढची वेळ लांब नसते: लग्नाच्या वराती, गणपती विसर्जन, नवरात्राच्या नऊ रात्री, दिवाळी, आणि पुन्हा 14 आणि वासी उत्तरायणाची 15. घराच्या आतल्या बाजूची एक खोली मनीची म्हणून ठरवा आणि एरवीही तिथेच रोज एक वेळचं खाणं द्या, म्हणजे घाबरल्यावर ती वॉशिंग मशीनमागे न जाता तिथे जाईल. मशीनच्या मागची फट, फ्रिजमागची जागा, दिवाणाची खालची बाजू फळीने बंद करा, जिथून हात घालूनच मांजर काढावं लागतं अशी एकही जागा उघडी ठेवू नका. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू, तिचे कान फक्त वळतील इतकाच, दोन मिनिटं लावायचा आणि त्याच वेळी आवडीचं खाणं द्यायचं. तिने खाणं सोडलं की आवाज जास्त झाला. सणाच्या दिवशी दुपारी 4 च्या आत खाऊ घालून खोलीत बंद करा, खिडकीला गादी टेकवा, पंखा पूर्ण वेगात आणि रेडिओ मध्यम आवाजात. दारावर चिठ्ठी लावा, कारण गच्चीवर जायला आलेले पाहुणे न्हाणीघर समजून तेच दार उघडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरांना सोडायच्या आधी बाल्कनी, जिना आणि ग्रिलवरचा मांजा एकाने गोळा करून टाकायचा, झाकणाच्या डब्यात.